पंखातलं बिऱ्हाड

सोयाबीन निघालं की नरसीच्या शिवारात आठ-पंधरा दिवस रान उघडं पडतं. हरभऱ्याची पेरणी व्हायची असते, वखर फिरत असतो, आणि चार महिने पिकाच्या आडोशानं मजेत राहिलेला उंदीर एकाएकी बेघर होतो. आधी तो बांधावर जातो, मग गंजीत, मग आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या कोठारा-गोठ्याच्या जागी. दिवाळीच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही आखाड्यावर जा, एका बाजूला सोयाबीनचे कट्टे रचलेले, दुसऱ्या बाजूला हळदीचं सामान, कोपऱ्यात गुळीचा, म्हणजे भुशाचा, ढीग आणि मधे ट्रॅक्टर. उंदराला याहून चांगली वस्ती कुठे मिळणार? खायला कट्टे, अंथरायला गुळी, राहायला बॉनेट.

मळणी यंत्राचं तर विचारूच नका. हंगामात ते दिवसरात्र घरघरतं आणि नंतर सात-आठ महिने पत्र्याखाली उभं राहतं. पुढच्या आश्विनात सुरू करायला जावं तर एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या, कापूस, भुसा यांचं नीटनेटकं घरटं निघतं. ट्रॅक्टरचं बॉनेट उचललं की बॅटरीच्या बाजूला वायरीचं वरचं प्लॅस्टिक सोललेलं, आतलं तांबं उघडं आणि खाली रंगीत कीस पडलेला दिसतो. तो कीस नीट पाहावा. उंदरानं वायर खाल्लेली नसते, नुसती कुरतडलेली असते. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कठीण-मऊ सतत चावावं लागतं. वायर त्या कामाला उत्तम.

यावर एक गमतीशीर वाद अमेरिकेत झाला. हल्लीच्या गाड्यांत वायरीच्या आवरणात सोयाबीनपासून केलेला घटक असतो आणि त्या वासानं उंदीर येतात, असा दावा करत २०१६ मध्ये तिथल्या ग्राहकांनी होंडा आणि टोयोटा या कंपन्यांवर खटले भरले. कंपन्यांचं म्हणणं, उंदीर पूर्वीही वायरी कुरतडतच होते. होंडानं तिखटातला झोंबणारा घटक घातलेली चिकटपट्टीही विकायला काढली, वायरीला गुंडाळायला. सोयाबीनवर जगणाऱ्या हिंगोलीत हा खटला उभा राहिला असता तर साक्षीदारांची रांग लागली असती. माझं मत विचाराल तर कंपन्यांच्या बाजूचं. सोयाबीन इथे पोहोचलं नव्हतं तेव्हाही बैलगाडीचं चऱ्हाट उंदरांनी कुरतडलेलंच असायचं.

नरसी नामदेव हे संत नामदेवांचं जन्मगाव. परंपरेनं जन्मसाल १२७० सांगतात. कयाधूच्या काठचं हे गाव वारकऱ्यांचं जितकं, तितकंच पंजाबातून येणाऱ्या शिखांचंही, कारण नामदेवांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा कोरडी खाऊ नकोस म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावलेले नामदेव इथल्या लहान मुलालाही माहीत. उंदरामागे तूप घेऊन कोणी धावल्याची कथा मात्र एकाही संतचरित्रात माझ्या वाचनात नाही.

या गावाला धावपट्टी नाही. विमान पकडायचं तर नांदेड गाठावं लागतं. पण उडणारं यंत्र मात्र मराठवाड्याच्या आखाड्यांवर येऊन ठेपलं आहे, आणि ते म्हणजे फवारणीचा ड्रोन. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे, किमतीच्या ८० टक्के आणि जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत द्यायची, एकूण खर्च १,२६१ कोटी. एवढं महागडं यंत्र फवारणीचे दिवस सोडले तर वर्षभर घरातच असतं. आणि घर म्हणजे तीच खोली, जिथे कट्टे असतात.

ट्रॅक्टरची वायर तुटली तर ट्रॅक्टर सुरू होत नाही. मेकॅनिकला बोलवायचं, शिव्या घालायच्या, हजार-दोन हजार मोजायचे. ड्रोनची वायर अर्धवट कुरतडलेली असेल तर ड्रोन सुरू होतो. उडतोही. धक्के बसतात, तांब्याचे उरलेले दोन धागे तुटतात आणि मग दहा लिटर औषधासकट तो खाली येतो. उडणाऱ्या यंत्राचं आणि उंदराचं वैर समजून घ्यायचं तर एवढंच लक्षात ठेवावं, की जमिनीवर उंदीर खर्च वाढवतो आणि हवेत तो शंका निर्माण करतो.

मोठ्या विमान कंपन्या या शंकेपायी किती पैसा घालवतात ते अधूनमधून वर्तमानपत्रात येतं. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान केबिनमध्ये उंदीर दिसल्याचा संशय येताच इराणवरून माघारी फिरलं. त्याच वर्षी जुलैत दिल्लीहून मिलानला निघालेलं विमानही असंच परतलं होतं. २०१७ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान उंदरापायी तासन्‌तास रखडलं. सप्टेंबर २०२५ मध्ये कानपूरच्या विमानतळावर दिल्लीला निघालेल्या इंडिगोच्या विमानातून सगळ्या प्रवाशांना उतरवावं लागलं, कारण तेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोर्तुगालच्या टॅप कंपनीच्या विमानात मालाच्या कप्प्यातून हॅमस्टर सुटले, एकूण १३२. अझोर्स बेटांवर ते विमान कित्येक दिवस उभं राहिलं. शेवटचा प्राणी हाती लागल्याशिवाय आणि वायरी तपासून झाल्याशिवाय ते हलवण्याची कोणाची छाती झाली नाही.

एका मुठीएवढ्या जिवासाठी एवढं? हसण्यासारखं वाटतं खरं. पण विमान सोडण्याआधी एका इंजिनियरला कागदावर सही करावी लागते की हे यंत्र उडायला योग्य आहे. उंदीर पकडला म्हणून ती सही होत नाही. तो पकडला जाण्याआधी कुठे कुठे हिंडला, हा प्रश्न उरतोच. विमानाच्या पोटातून मैलोगणती वायरी जातात. त्यातली कोणती चावली गेली हे उंदीर सांगत नाही.

मोठ्या विमानाचं निदान एक बरं असतं, ते रोज उडतं. उंदरापुढे खरं हतबल असतं ते चार आसनांचं खासगी विमान. महाराष्ट्रात धुळे, बारामती, गोंदिया इथे वैमानिक घडवणाऱ्या संस्थांकडे सेसनासारखी छोटी विमानं आहेत. शिकाऊ विमान दिवसातून अनेकदा उडतं, त्याचं झाकण-दार रोज उघडतं, कोणीतरी रोज त्याच्या पोटात डोकावतं. तिथे बिऱ्हाड थाटणं उंदराला अवघड. मालकाच्या हौसेचं विमान मात्र महिनोन्‌महिने हँगरमध्ये उभं. त्यातून आपल्याकडे पावसाळा. ढग खाली उतरलेले, धावपट्टीच्या कडेचं गवत गुडघाभर, बाहेर बिळांत पाणी. कोरडी, अंधारी, गादी असलेली आणि चार महिने कोणी न फिरकणारी जागा शोधत उंदीर निघाला तर हँगरपाशी थांबेलच.

तो आत शिरतो कसा? खरं सांगायचं तर चालत. छोट्या विमानाची चाकं जमिनीला टेकलेली, टायर खडबडीत. टायरवरून चाकाच्या दांडीवर, दांडीवर ब्रेकची नळी असते तिला धरून वर, आणि दांडी जिथे पोटात शिरते तिथल्या फटीतून आत. घरातला लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या भोकातून जातो, म्हणजे जिथून शाळेची पेन्सिल जाईल तिथून तो जाईल. डोकं गेलं की अंग जातंच. विमानाला अशी भोकं जागोजाग असतात आणि ती असावीच लागतात. शेपटीत दोऱ्या हलायला फट लागते, पंखाखाली पाणी निचरायला छिद्र लागतं, इंजिनला हवा लागते. वाऱ्यानं उलटू नये म्हणून विमान दोरांनी जमिनीला बांधतात, तोही एक जिनाच. बॅटरी भरण्यासाठी सोडलेली वायर, टेकवून ठेवलेली शिडी, ओढायचा दांडा, सगळे जिनेच.

आत शिरला की आसनाचा स्पंज, छताखालचं कापड, आवाज कमी करण्यासाठी लावलेला गादीसारखा थर, राहिलेला एखादा नकाशा, हे सगळं कुरतडून तो शेपटीच्या टोकात किंवा पंखाच्या पोकळीत घरटं करतो. ही दोन्ही ठिकाणं अशी की माणसाचा हात सहजी पोचत नाही. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेताला पाच-सात पिल्लं होतात. पावसाळा संपेपर्यंत तिथे एक घर नव्हे, आळी झालेली असते.

आता खरी गोष्ट. वायरीपेक्षाही विमानवाले घाबरतात ते उंदराच्या मुताला. छोट्या विमानाचं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं असतं आणि तो पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ. घरट्याचा स्पंज मुतानं भिजतो, तो ओला बोळा महिनोन्‌महिने पत्र्याला चिकटून राहतो, त्यातले क्षार आणि अमोनिया धातू पोखरू लागतात. वरून रंग चकचकीत, आतून पत्र्याला देवीचे वण. जोडावरच्या रिव्हेटांभोवती हे घडलं तर पंखाची ताकदच कमी होते. वायर बदलता येते, पत्रा बदलायचा म्हणजे पंख उघडायचा, आणि त्याचा खर्च काही वेळा विमानाच्या किमतीच्या जवळ जातो.

तिसरी गोष्ट नळ्यांची. विमानाचा वेग आणि उंची सांगणारी साधनं बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतात. तो दाब आणणाऱ्या बारीक नळ्या, पुष्कळदा प्लॅस्टिकच्या, काट्यांच्या फळीमागून जातात. तिथे दात लागला की काटा खोटं बोलतो. खोट्या काट्याची किंमत काय असते ते ६ फेब्रुवारी १९९६ ला जगानं पाहिलं. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या प्वेर्तो प्लाताहून निघालेलं बर्गनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. ते विमान काही दिवस उभं होतं आणि वेग मोजणाऱ्या नळीचं तोंड बुजलेलं होतं. कुंभारणीनं, म्हणजे आपल्या भिंतींवर मातीची घरं करणाऱ्या त्या माशीनं, त्यात घर केलं असावं असा चौकशीचा निष्कर्ष. उंदीर नव्हता तिथे, पण तत्त्व तेच. यंत्र थांबलं की कोणीतरी राहायला येतं.

झाकणं लावली की प्रश्न मिटला असंही नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला अशाच माशीच्या भीतीनं विमान उभं असताना नळ्यांवर टोप्या घालतात. जुलै २०१८ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं एक एअरबस त्या टोप्या तशाच ठेवून उडालं. वेगाचा काटा बंद. वैमानिकांनी कसबानं ते सुखरूप उतरवलं. म्हणून प्रत्येक टोपीला आणि बोळ्याला हातभर लांब लाल फीत लावलेली असते, लांबून दिसावी म्हणून. ती फीत असली तरी माणूस चुकतो, हे ब्रिस्बेननं दाखवलं.

आणि उंदरामागून कोण येतो हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. धामण येते, कधी नागही येतो. एप्रिल २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रुडॉल्फ एरॅस्मस या वैमानिकाला उडत असतानाच कमरेपाशी गार काहीतरी लागलं. पाण्याची बाटली गळतेय असं त्याला वाटलं. खाली पाहतो तर नाग आसनाखाली सरकत होता. त्यानं विमान न डगमगता वेलकमला उतरवलं. नंतर विमान उघडून शोधलं तरी नाग सापडला नाही.

मराठवाड्यातल्या उंदरांनी एकदा जगाच्या विमानवाहतुकीलाही हिसका दिला होता, हे आता विसरल्यात जमा आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. भीतीनं माणसं घराबाहेर राहू लागली, आणि साठवलेलं धान्य पडक्या-रिकाम्या घरांतच राहिलं. त्या धान्यावर उंदीर माजले असं मानलं जातं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग निघाला. काही आठवड्यांतच सुरतेला फुफ्फुसाचा प्लेग पसरला, पन्नासहून जास्त माणसं दगावली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. मामला आणि सुरत यांचा धागा शास्त्रज्ञांना नीट जुळवता आला नाही. पण आखातातल्या काही देशांनी भारताची विमानं बंद केली आणि इतरत्र आपल्या प्रवाशांना विमानतळावरच अडवून तपासू लागले. घरं रिकामी राहिली, तिथून सगळं सुरू झालं.

उपायांकडे वळतो. यातले निम्मे निरुपयोगी आहेत आणि तेच जास्त खपतात. डांबरगोळ्या टाकतात. उघड्या जागेत त्यांचा उंदरावर काही उपयोग होत नाही, विमानाच्या बंद केबिनमध्ये मात्र माणसाचं डोकं धरतं. बॉनेटमध्ये तंबाखूची पुडी बांधणारे गाडीवाले मराठवाड्यात गावोगाव आहेत. पुडीच कुरतडलेली सापडली तरी त्यांची श्रद्धा ढळत नाही. सगळ्यात मोठी फसवणूक त्या प्लगमध्ये खोचायच्या डबीची, जिच्या आवाजानं म्हणे उंदीर पळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना पत्रं धाडली होती की तुमचे दावे शास्त्रानं सिद्ध करा. इतकी वर्षं उलटली, डबी अजून बाजारात आहे.

विष? धान्याच्या शेतात ते जाणकाराच्या सल्ल्यानं वापरावं लागतं, तो वेगळा विषय. विमानाच्या जवळपास मात्र विष नको. विष खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो, हे दुकानदाराचं बोलणं आहे. तो जिथे राहतो तिथे जाऊन मरतो, म्हणजे पंखात. मग वास, अळ्या, आणि परत पत्र्याला ओल. शिवाय विषाचा हिशेब भलताच फसवा. मार्च २०१८ मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत मंत्रालयातल्या उंदरांचा विषय काढला होता, सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा. मग खुलासा झाला की तो आकडा उंदरांचा नसून गोळ्यांचा होता. अख्खा महाराष्ट्र हसला. पण गोळ्या मोजून उंदीर मेले असं समजणारे आपल्याकडे मंत्रालयाबाहेरही भरपूर आहेत.

चालणारे उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. पहिला, वर चढू न देणं. बंदरात जहाजाच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल थाळ्या अडकवलेल्या असतात. उंदीर दोरावरून येतो, थाळीची कड ओलांडता न आल्यानं माघारी जातो. विमानाच्या प्रत्येक चाकाभोवती गुळगुळीत पत्र्याचं गुडघ्याएवढं उंच कडं ठेवलं की तेच साधतं. कडं ठेवून वायर मात्र बाजूनं लोंबती सोडली तर सगळं वाया. आपल्या आज्या दूध-लोणी शिंक्यात टांगत, त्यातलं शहाणपण हेच, भिंतीला न टेकणारी आणि जमिनीला न लागणारी जागा. फवारणीचा ड्रोन घरात ठेवायचा तर तो असाच ठेवावा.

दुसरा, खायला काही नसणं. विमानात सांडलेला एक शेंगदाणा पुरतो. हँगरमध्ये धान्य, पेंड, कुत्र्याचं खाणं ठेवणं म्हणजे आमंत्रणच, आणि भिंतीलगतचं गवत छाटलेलं हवं. तिसरा, फटी बुजवणं, पण कशानं? घरात आपण तारेचा काथ्या कोंबतो. तो विमानात चालत नाही, कारण लोखंडाचा ओला काथ्या ॲल्युमिनियमला लागून राहिला की तिथेच गंज धरतो. आपण उंदरापासून वाचवायला गेलो ते आपणच पोखरायचं. म्हणून मापाचे बोळे आणि जाळ्या लागतात, आणि त्याला ती लाल फीत.

चौथा, सापळा. शेंगदाण्याचा कूट, खोबऱ्याचा तुकडा किंवा तेलात भिजवलेली भाकरी लावून सापळे जमिनीवर भिंतीलगत मांडायचे, कारण उंदीर भिंतीला मिशा घासत चालतो. विमानाच्या आत सापळा नको, आत लावलेला सापळा म्हणजे उंदराला आत बोलावणं. आणि रोज पाहायचा. रोज पाहणं, हाच खरा उपाय, आणि तोच कोणी विकत नाही. मांजर? हँगरमधली मांजर उंदीर धरते खरी, पण तिला विमानाच्या पंखावरच झोपायला आवडतं आणि नखांचे ओरखडे रंगावर उमटतात.

नरसीचा ड्रोनवाला गट असेल तर त्यांनी योजनेत मिळणाऱ्या सामानाची यादी एकदा वाचावी. ड्रोन, बॅटऱ्या, चार्जर, वारा मोजायचं यंत्र, आणि वाहून न्यायची पेटी. ही पेटी फक्त वाहून नेण्यापुरती आहे असा समज होऊ नये. फवारणी झाली की टाकी आणि नळ्या धुवून कोरड्या कराव्यात, ड्रोन पेटीत घालून कडी लावावी. पेटीत स्पंज असेल तर तो उंदराला सगळ्यात आवडतो, त्यामुळे पेटीची कड एका बाजूनं उचललेली राहिली की पेटीच घरटं होते.

उंदराच्या मुताचा धसका घेतलेलं हिंगोलीतलं सगळ्यात महागडं यंत्र मात्र उडणारं नाही. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. विश्वातले कृष्णविवरांचे टकराव ऐकणारी ही वेधशाळा. तिचे दोन हात प्रत्येकी चार किलोमीटर लांब, एकमेकांशी काटकोनात, आणि प्रत्येक हातात सव्वा मीटर रुंदीची पोलादी नळी, आत जवळजवळ निर्वात. या नळीचा पत्रा अवघा तीनेक मिलिमीटरचा. अमेरिकेतल्या लायगोत नळी तापवून तिच्यातली ओल घालवताना भोवती काचतंतूचं आच्छादन गुंडाळलं होतं. ते नंतर तसंच राहिलं, आणि त्यात उंदरांनी घरटी केली. मुतानं स्टेनलेस स्टीलही पोखरलं गेलं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडून निर्वात पोकळीला गळती लागली. लायगोचे एक जनक, २०१७ चे नोबेल मानकरी रायनर वाइस, म्हातारपणी ती गळती शोधत नळीच्या बोगद्यातून कित्येक किलोमीटर फिरले.

दुधाळ्याची नळी बसेल तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना शेतं असतील, खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, आणि मधल्या पंधरवड्यात उघडं रान. आच्छादन कधी गुंडाळायचं आणि कोणत्या महिन्यात त्याखाली डोकावायचं, हे ठरवायला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेपर्यंत जायला नको. औंढ्याच्या कुठल्याही आखाड्यावर विचारलं तरी तारीख कळेल.